कर्जत व खालापूर तालुक्यांतील नैसर्गिक आपत्ती

कर्जत व खालापूर हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील दोन अंतर्भागीय तालुके असून ते सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी वसलेले आहेत. अतिवृष्टी, पूर, दरड कोसळणे, वादळ, वीज पडणे, वणवा आणि उन्हाळ्यातील पाणीटंचाई या येथील प्रमुख नैसर्गिक आपत्ती होत. १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकर आदिवासींच्या वाडीवर कोसळलेली दरड ही या परिसराच्या अलीकडच्या इतिहासातील सर्वांत मोठी दुर्घटना मानली जाते. या दोन तालुक्यांतून मुंबई व पुणे यांना जोडणारा लोहमार्ग आणि द्रुतगती मार्ग जातात. त्यामुळे येथील आपत्तींचा परिणाम स्थानिक लोकांपुरता मर्यादित राहत नाही.

संकल्पना

निसर्गातील प्रत्येक उग्र घटना ही आपत्ती नसते. निर्जन उतारावर दरड कोसळली तर ती केवळ एक भूवैज्ञानिक घटना ठरते. तीच दरड वस्तीवर, शेतावर किंवा मार्गावर आली आणि तेथील लोकांना स्वतःच्या बळावर सावरणे अशक्य झाले, की तिला आपत्ती म्हटले जाते. म्हणजेच आपत्तीची तीव्रता दोन गोष्टींवर ठरते : एक, निसर्गातील धोक्याचे स्वरूप आणि दोन, त्या धोक्याच्या वाटेत असलेल्या माणसांची व मालमत्तेची दुर्बलता. डोंगर, पाऊस आणि नदी यांवर माणसाचे नियंत्रण नाही. वस्ती कोठे असावी, घर कसे असावे, इशारा कोणापर्यंत पोहोचावा आणि रस्ता कोठवर जावा, हे मात्र माणूस ठरवतो. कर्जत व खालापूर तालुक्यांचा अनुभव हा भेद स्पष्ट करणारा आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

दोन्ही तालुक्यांच्या पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग भिंतीसारखी उभी आहे. पश्चिमेस माथेरानचा डोंगर, तर त्याच्या दक्षिणेस प्रबळगड व इर्शाळगड आहेत. या डोंगरांच्या मधल्या सखल पट्ट्यात भातशेती, गावे, बाजारपेठा व मार्ग एकवटले आहेत. राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत व नेरळच्या बाजूने उत्तरेकडे ठाणे जिल्ह्यात जाते. पेज, चिल्लार व पोशीर या तिच्या या भागातील उपनद्या आहेत. खालापूर तालुक्यातून वाहणारी पाताळगंगा पश्चिमेकडे जाऊन धरमतरच्या खाडीला मिळते. घाटमाथ्यावरील धरणांचे पाणी खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) येथील जलविद्युत केंद्रांतून खाली सोडले जाते. हे पाणी अनुक्रमे पाताळगंगा व उल्हास नदीच्या खोऱ्यांत येते.

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि पायथ्याशी व उतारावर भरपूर पाऊस देतात. या भागात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माथेरानसारख्या उंच ठिकाणी हे प्रमाण आणखी मोठे असते. यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, त्यातही जुलै महिन्यात पडतो. या तालुक्यांच्या आपत्तींच्या नोंदीत जुलैचा उत्तरार्ध पुन्हा पुन्हा येतो, त्याचे कारण हेच आहे. तोपर्यंत जमीन पाण्याने भरलेली असते, नद्या काठोकाठ वाहत असतात आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक मोठ्या सरीचे पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते.

दरडी व भूस्खलन

कारणे

येथील डोंगर दख्खनच्या ज्वालामुखीय बेसाल्ट खडकाचे आहेत. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून ते बनले. कठीण, अभेद्य थरांच्या मध्ये सच्छिद्र व ठिसूळ थर आढळतात. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये लाल मातीचा पातळ पट्टाही असतो. ऊन-पावसाने झिजलेल्या खडकाचा मुरूम व माती उतारावर साचत जाते. सलग पावसाचे पाणी या मातीत मुरते, पण खालचा कठीण खडक ते आत घेत नाही. त्यामुळे माती जड होते, तिच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढतो आणि मातीला खडकावर धरून ठेवणारे घर्षण कमी होते. एका मर्यादेनंतर संपूर्ण थर झाडे व दगडगोट्यांसह खाली घसरतो. कडे जेथे उभे आहेत तेथे भेगांत पाणी शिरून सुटे झालेले खडक कोसळतात. पहिल्या प्रकारास सर्वसाधारणपणे भूस्खलन, तर दुसऱ्यास दरड किंवा कडा कोसळणे म्हणतात. व्यवहारात मात्र दोन्हींसाठी ‘दरड कोसळणे’ हाच शब्द रूढ आहे.

उताराच्या पायथ्याशी रस्त्यासाठी वा बांधकामासाठी केलेली खोदाई, वृक्षतोड, खाणकाम आणि नैसर्गिक ओहोळ बुजवणे यांमुळे हा धोका वाढतो. मुंबईच्या जवळिकीमुळे या तालुक्यांत सेकंड होम, फार्महाऊस व रिसॉर्ट यांसाठी डोंगरउतार सपाट करण्याचे प्रमाण वाढले आहे. तथापि प्रत्येक दरडीमागे असे हस्तक्षेपच असतात असे नाही. तीव्र उतार, जाड मातीचा थर आणि अल्पकाळातील प्रचंड पाऊस या तीन गोष्टी एकत्र आल्यास निसर्गतःही उतार ढासळतो.

इर्शाळवाडी दुर्घटना

इर्शाळवाडी ही चौक गावाजवळ, इर्शाळगडाच्या पोटाशी असलेली ठाकर समाजाची वाडी होती. तेथे जाण्यास मोटाररस्ता नव्हता. पायथ्यापासून डोंगरातील पायवाटेने तासाभराहून अधिक चढण चढावी लागे. शासनाने दिलेल्या माहितीनुसार वाडीत ४८ कुटुंबे व २२८ रहिवासी होते. १७ ते १९ जुलै २०२३ या तीन दिवसांत परिसरात ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे राज्य विधिमंडळात सांगण्यात आले. १९ जुलैच्या रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास वाडीच्या वरचा उतार सुटून घरांवर आला. बहुतेक लोक त्या वेळी झोपेत होते. वाडीतील शाळेच्या इमारतीत असलेल्या काही तरुणांमुळे दुर्घटनेची वार्ता खाली पोहोचली.

बचावकार्यात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, स्थानिक प्रशासन, पोलीस, अग्निशमन दल आणि खोपोली व परिसरातील गिर्यारोहक व स्वयंसेवक सहभागी झाले. पाऊस, धुके, निसरडी वाट आणि पुन्हा दरड कोसळण्याची भीती यांमुळे काम अतिशय अवघड झाले. खोदकामाची यंत्रे वर नेणे शक्य न झाल्याने कुदळ, फावडी व घमेली यांनीच ढिगारा उपसावा लागला. मदतीसाठी चढण चढत असताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका कर्मचाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे २० जुलै रोजी पायी चढून वाडीत गेले. मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपयांची मदत जाहीर करण्यात आली.

२३ जुलै रोजी शोधकार्य थांबवण्यात आले. तोपर्यंत २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. बेपत्ता व्यक्तींना मृत समजण्यात आल्याने मृतांची एकूण संख्या ८४ झाली. अनेक कुटुंबांतील सर्व प्रौढ व्यक्ती गेल्या. आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहत असल्यामुळे काही मुले वाचली, परंतु त्यांचे आईवडील राहिले नाहीत. वाचलेल्यांची तात्पुरती सोय चौक परिसरात कंटेनरच्या घरांत करण्यात आली आणि कायमची घरे बांधण्याचे काम सिडकोकडे सोपवण्यात आले.

या दुर्घटनेतून पुढे आलेली सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे इर्शाळवाडीचा समावेश दरडप्रवण गावांच्या शासकीय यादीत नव्हता. यादीतील गावांना पावसाळ्यात नोटिसा दिल्या जातात व प्रसंगी स्थलांतर केले जाते. यादीबाहेरच्या वाडीला यांपैकी काहीच मिळत नाही. अशा याद्या मुख्यतः ज्ञात भूस्खलने, महसुली गावे व रस्त्यालगतची ठिकाणे यांच्या आधारे होतात. डोंगरातील लहान वाड्या व पाडे पुष्कळदा स्वतंत्र महसुली गावे नसतात आणि म्हणून ते नजरेआड राहण्याचा संभव अधिक असतो.

लोहमार्ग व द्रुतगती मार्गावरील दरडी

कर्जत व लोणावळा यांच्यामधील बोरघाटातून १८६३ पासून रेल्वे धावते. पळसदरी, ठाकूरवाडी व मंकी हिल या पट्ट्यात पावसाळ्यात रुळांवर खडक येण्याच्या घटना वारंवार घडतात. त्यामुळे रेल्वेतर्फे पावसाळी गस्त घातली जाते, सुटे खडक आधीच पाडले जातात व काही ठिकाणी संरक्षक जाळ्या बसवल्या आहेत. २०१९ च्या पावसाळ्यात घाटातील मार्गाचे मोठे नुकसान झाल्याने अनेक गाड्या रद्द कराव्या लागल्या.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूर तालुक्यातील आडोशी बोगद्याजवळ जुलै २०१५ मध्ये दरड कोसळून प्रवाशांचा मृत्यू झाला. त्यानंतर कड्यांवर पोलादी जाळ्या लावण्याची कामे हाती घेण्यात आली. इर्शाळवाडीच्या दुर्घटनेनंतर चारच दिवसांनी, २३ जुलै २०२३ च्या रात्री, आडोशीजवळ पुन्हा दरड आली. या वेळी जीवितहानी झाली नाही, मात्र वाहतूक विस्कळीत झाली.

नेरळ-माथेरान ही १९०७ मध्ये सुरू झालेली अरुंद लोहमार्गाची गाडी जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेल्याने बंद पडली व २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसाने मार्ग पुन्हा खचला आणि नेरळ ते माथेरान अशी सलग सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ववत झाली. माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी असल्याने या खंडाचा परिणाम तेथील व्यापार, हॉटेले, हमाल व घोडेवाले यांच्या उपजीविकेवर झाला.

अतिवृष्टी व पूर

या तालुक्यांतील नद्यांचे उगम जवळच्या डोंगरांत असून त्यांचा उतार तीव्र आहे. डोंगरावर पडलेला पाऊस काही तासांतच खोऱ्यात उतरतो. परिणामी पूर झपाट्याने येतो व बहुधा झपाट्यानेच ओसरतो. मैदानी नद्यांच्या पुराप्रमाणे दिवसभर आधी इशारा देण्यास येथे अवधी मिळत नाही. रात्री पडलेल्या पावसाचे पाणी पहाटे घरात शिरते, हा नदीकाठच्या वस्त्यांचा नेहमीचा अनुभव आहे.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पर्जन्यकाळात उल्हास व पाताळगंगा या दोन्ही नद्यांना महापूर आला. त्याच वेळी रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात, महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते येथे दरडींखाली मोठी मनुष्यहानी झाली. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचे पाणी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान लोहमार्गावर आल्याने कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रभर पाण्यात अडकली. २७ जुलै रोजी सुमारे १,०५० प्रवाशांची सुखरूप सुटका करण्यात आली. हे ठिकाण ठाणे जिल्ह्यात असले तरी तेथे आलेले पाणी मुख्यतः वरच्या अंगाच्या कर्जत तालुक्यातले होते. जुलै २०२१ मध्येही कर्जत व नेरळ परिसरातील सखल भाग पाण्याखाली गेले.

शेजारच्या सुधागड तालुक्यात अंबा नदीकाठी वसलेले जांभूळपाडा जुलै १९८९ मधील महापुरात उद्ध्वस्त झाले होते. डोंगरातून अकस्मात उतरणारा पूर किती विध्वंसक ठरू शकतो, याचे ते जिल्ह्यातील सर्वांत स्मरणात राहिलेले उदाहरण आहे.

पुराचा एक वेगळा प्रकार धबधब्यांच्या ठिकाणी दिसतो. खोपोलीजवळील झेनिथ, तसेच कर्जत तालुक्यातील आषाणे, बेकरे व सोलनपाडा येथे पावसाळ्यात पर्यटकांची गर्दी होते. वर डोंगरावर सर कोसळली की खाली पाऊस नसतानाही प्रवाह क्षणार्धात वाढतो. यात बुडून मृत्यू होत असल्याने प्रशासन अशा ठिकाणी पावसाळ्यात प्रवेशबंदीचे आदेश काढते.

चक्रीवादळे व वीज

हे तालुके समुद्रकिनाऱ्यावर नसले तरी चक्रीवादळांपासून मुक्त नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले व रायगड जिल्हा ओलांडून ईशान्येकडे गेले. किनाऱ्यावर वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. अंतर्भागात येताना वादळ क्षीण झाले, तरी घरांची कौले व पत्रे उडाली, झाडे उन्मळली व विजेचे खांब कोसळले. करोनाची टाळेबंदी चालू असताना हे संकट आल्याने दुरुस्तीचे साहित्य व कारागीर मिळणे कठीण झाले. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस अरबी समुद्रातील क्यार वादळाच्या काळात पडलेल्या अवेळी पावसाने कोकणातील कापणी झालेले भात भिजवले.

वीज पडण्याच्या घटना मुख्यतः मे-जून आणि परतीच्या पावसाच्या काळात, दुपारनंतर घडतात. शेतावर काम करणारे व गुरे राखणारे लोक त्यांत बळी पडतात. झाडाखाली आसरा घेणे हे मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विकसित केले आहे.

वणवे, उष्मा व पाणीटंचाई

पावसाळ्यात जलमय असणारा हा भाग उन्हाळ्यात कोरडा पडतो. बेसाल्ट खडक पाणी फारसे साठवत नाही आणि तीव्र उतारांवरून पावसाचे पाणी समुद्राकडे निघून जाते. मार्च ते मे या काळात डोंगरातील वाड्यांचे झरे व विहिरी आटतात. तेथे पाणी आणण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया व मुली करतात. अनेक ठिकाणी टँकरने पाणीपुरवठा करावा लागतो. खालापूर तालुक्यातील मोरबे धरणातून नवी मुंबई शहराला पाणी जाते. त्याच धरणाच्या भोवतालच्या डोंगरात टंचाई असते, हा विरोधाभास अनेकदा चर्चिला जातो.

एप्रिल-मे महिन्यांत कर्जत परिसरातील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. १६ एप्रिल २०२३ रोजी शेजारच्या पनवेल तालुक्यातील खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे तापमानाचा आकडा फार मोठा नसतानाही शरीरावर ताण येतो.

फेब्रुवारीपासून डोंगरांवर वणवे लागतात. ते बहुतांशी माणसाच्या हातून, जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने लागलेले असतात. त्यांत गवत, वनौषधी व रोपे जळतात. मुळांची पकड नाहीशी झालेली माती पुढील पावसात सहज धुपते. अशा प्रकारे उन्हाळ्यातील आपत्ती पावसाळ्यातील आपत्तीला पूरक ठरते.

जीवित व मालमत्तेवरील परिणाम

शेती : भात हे येथील मुख्य पीक आहे. पुराने रोपे वाहून जातात, बांध फुटतात आणि खाचरांत वाळू व दगडगोटे साचतात. रोपे पुन्हा तयार करण्यास वेळ उरत नसल्याने एका पुराने संपूर्ण हंगाम जाऊ शकतो. साचलेला गाळ काढण्याचा खर्च लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. कापणीच्या वेळी पाऊस आल्यास आडवे पडलेले भात शेतातच रुजते व पेंढाही कुजतो.

रोजगार : हिवाळ्यात व उन्हाळ्यात कातकरी समाजातील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर काम करतात. अवेळी पावसाने कच्च्या विटा विरघळल्या की मालकाचा माल जातो आणि मजुरांची मजुरी बुडते. भट्टीवर स्थलांतरित झालेले कुटुंब पंचनाम्याच्या वेळी गावात नसल्यास घराच्या नुकसानीची नोंदही राहून जाते.

घरे व कागदपत्रे : कुडाची व मातीची घरे पुरात लवकर खचतात. घराबरोबर शिधापत्रिका, जमिनीचे उतारे, आधार कार्ड, बँकेचे पासबुक व शाळेचे दाखले नाहीसे होतात. मदत मिळवण्यासाठी हीच कागदपत्रे लागत असल्याने आपत्तीनंतरची ही हानी दीर्घकाळ जाणवते. बेपत्ता व्यक्तीस सात वर्षांनंतर मृत मानण्याची सर्वसाधारण कायदेशीर तरतूद आहे. मोठ्या दुर्घटनांत शासनाने वेगळा निर्णय घेतल्याशिवाय वारसांना मदत मिळू शकत नाही.

आरोग्य : पुरानंतर विहिरी दूषित होऊन अतिसार व कावीळ, तर साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस व हिवताप यांचा प्रादुर्भाव संभवतो. सर्पदंशाचे प्रमाणही वाढते. आप्तांच्या मृत्यूचा आघात, विशेषतः अनाथ झालेल्या मुलांवरील, दीर्घकाळ टिकतो.

दळणवळण : साकव व लहान पूल बुडाल्याने वाड्यांचा संपर्क तुटतो. रुग्ण व गरोदर स्त्रियांना डोलीतून न्यावे लागते. घाटातील मार्ग बंद झाल्यास मुंबई-पुणे दरम्यानची प्रवासी व मालवाहतूक थांबते.

शासकीय यंत्रणा व मदत

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार राष्ट्रीय, राज्य व जिल्हा अशा तीन पातळ्यांवर प्राधिकरणे आहेत. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तालुका पातळीवर तहसीलदार समन्वय साधतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची या भागास जवळची तुकडी पुणे जिल्ह्यात सुदुंबरे येथे आहे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी १०७७, आपत्कालीन मदतीचा ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा आहे.

नुकसान झाल्यावर तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक संयुक्त पंचनामा करतात. पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान झाले असेल तरच शेतकरी मदतीस पात्र ठरतो. आपत्तीत मृत्यू झालेल्या व्यक्तीच्या वारसास राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ४ लाख रुपये मिळतात. राज्य शासनाने वीज पडणे व अवेळी पाऊस यांचाही मदतयोग्य आपत्तींत समावेश केला आहे.

पुनर्वसनाचा प्रश्न

पुणे जिल्ह्यातील माळीण (३० जुलै २०१४, १५१ मृत्यू), महाड तालुक्यातील तळिये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी या तिन्ही दुर्घटना जुलैच्या उत्तरार्धात, सलग पावसानंतर, सह्याद्रीच्या उतारांवरील वस्त्यांत घडल्या. तिन्ही ठिकाणी पुनर्वसन दुर्घटनेनंतर झाले. दुर्घटनेपूर्वीच वस्ती हलवणे हा खरा उपाय असला तरी तो सोपा नाही. डोंगरातील कुटुंबांचे नाचणी-वरीचे उतार, जंगलातील गौण वनोपज, गुरांची चराई आणि देवस्थाने वस्तीशी निगडित असतात. खाली मिळणाऱ्या घराबरोबर कसण्यास जमीन मिळाली नाही, तर लोक पावसाळ्यापुरते खाली येतात व पुन्हा वर जातात. पायथ्याची मोकळी जमीन पुष्कळदा वनखात्याची किंवा खासगी मालकीची असते आणि तिची उपलब्धता ही सर्वांत मोठी अडचण ठरते.

पूर्वसूचनेची चिन्हे व दक्षता

भूस्खलनापूर्वी अनेकदा काही चिन्हे दिसतात. ती पुढीलप्रमाणे :

• जमिनीला किंवा घराच्या भिंतींना नव्याने भेगा पडणे, असलेल्या भेगा रुंदावणे.
• झाडे, खांब किंवा कुंपण एका बाजूस कलणे.
• दारे-खिडक्या अचानक घट्ट होणे.
• झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, आटणे किंवा नव्या ठिकाणी फुटणे.
• ओढ्याचे पाणी पाऊस चालू असतानाही अकस्मात कमी होणे. वर कोठेतरी माती साचून प्रवाह अडल्याचे ते लक्षण असू शकते.
• डोंगरातून गडगडाट वा दगड घरंगळण्याचा आवाज येणे.

अशी चिन्हे दिसल्यास सामान गोळा करत न थांबता उताराच्या वाटेपासून बाजूला, सुरक्षित जागी जाणे आवश्यक असते. अतिवृष्टीच्या रात्री वस्तीतील एकाने आळीपाळीने जागे राहणे, शाळा किंवा समाजमंदिर हे निवाऱ्याचे ठिकाण आधीच ठरवणे, वाडीत पर्जन्यमापक ठेवून सलग दोन-तीन दिवसांच्या पावसाची नोंद घेणे आणि महत्त्वाची कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवणे, हे अल्पखर्चाचे व परिणामकारक उपाय आहेत. उतारावर देशी झाडे व बांबू लावणे, पाणी वाहून नेणारे चर व ओहोळ मोकळे ठेवणे आणि पायथ्याची खोदाई टाळणे यांमुळे दीर्घकालीन धोका कमी होतो. मात्र तीव्र उताराखालील वस्तीसाठी केवळ वृक्षलागवड पुरेशी नसते. अशा वाड्यांची प्रत्यक्ष पाहणी करून त्यांची नोंद दरडप्रवण यादीत होणे आणि रहिवाशांच्या संमतीने त्यांना जमिनीसह पर्यायी जागा मिळणे, हीच सुरक्षिततेची मूलभूत अट आहे.